डोकं माझं, मतं सगळ्यांची

३ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसला वेळेवर. दिवसभर पाण्याचे नमुने. उत्तरेकडच्या टाकीचे पाणी गढूळ निघाले, तसा शेरा लिहून वर पाठवला. येताना ब्रेड, बटाटे आणि सासूबाईंच्या गुडघ्याचे मलम आणले. घरी आलो तर सासूबाई खिडकीशी बसून विणायच्या सुईने डोके खाजवत होत्या. मला पाहिले आणि सुई पटकन लोकरीत खुपसली – जणू विणतच होत्या.

जेवताना मेहुण्याचा फोन. मी स्वयंपाकघरात जाऊन घेतला.

“भाऊजी, आईशी बोलताना मागे कसला आवाज येतो? खर्र खर्र?”

“कसला?”

“ती डोकं खाजवते. फोनवर ऐकू येतं मला. तुम्ही करताय ते खूप आहे. पण ताई असती तर गोष्ट वेगळी होती. जमत नसेल तर तसं सांगा. महिनाअखेरीला गाडी घेऊन येतो आणि आईला इकडे घेऊन येतो.”

मी म्हणालो, बघू.

सासूबाईंनी विचारले नाही फोन कुणाचा. मी सांगितले नाही. आमच्या दोघांतले बोलणे नेहमी हिच्यामार्फत चालायचे. ‘त्यांना विचार, चहा घेणार का.’ ‘आईला सांग, विजेचं बिल भरलं.’ एका घरात राहून आम्ही टपालाने बोलत होतो. ऑक्टोबरात ही गेली आणि टपाल बंद पडले.

सासूबाई गेल्या तर या घरात मी आणि फ्रिज. फ्रिज निदान मधूनमधून आवाज तरी करतो.

४ फेब्रुवारी, बुधवार

सगळा घोळ शाम्पूचा आहे.

कातडीच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे – सासूबाईंच्या डोक्याला शाम्पू नाही, साबण नाही, वासाचे काहीही नाही. लावले की टाळू लाल होते. तरी केस अजून कमरेपर्यंत. उजवा खांदा वर जात नाही, म्हणून हीच त्यांचे केस धुवायची. शाम्पूशिवाय. आणि केस कसे असायचे – धुतलेल्या चादरीसारखे.

आज धीर करून विचारले, “आई, ही तुमच्या केसांना काय लावायची?”

“मला काय ठाऊक? मी डोळे मिटून बसायचे.”

“वास कसला यायचा?”

“कसलाच नाही.”

“आणि किती दिवसांनी धुवायची?”

“तिला वाटेल तेव्हा.”

झाले. एवढ्या माहितीवर तपास करायचा.

ऑक्टोबरपासून त्या एका हाताने नळाखाली कसेबसे धुतात. आता केस मेणबत्तीच्या वातीसारखे झाले आहेत. विंचरले की फणीला पांढरट चिकट काहीतरी येते. त्या फणी कागदाने पुसतात आणि कागदाची घडी करून टाकतात. मी बघत नाही असे दाखवतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

खालच्या मजल्यावर पार्लर आहे. सासूबाईंना घेऊन गेलो. पार्लरवालीने वेणी सोडली, बोटांत केस धरले आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच त्यांत काहीतरी ओतले असावे.

“एकदा शाम्पू केला की मोकळे होतील.”

“शाम्पू चालत नाही.”

“हर्बल करते.”

“तोही नाही.”

“मग मी काय करू, फुंकर मारू?”

सासूबाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी. पार्लरवाली म्हणाली, शाम्पूशिवाय केस धुतल्याचे बाहेर कळले तर तिची खुर्ची रिकामी पडेल. शेवटी केस कापून टाकायचे सुचवले. सासूबाईंनी वेणी अशी छातीशी घेतली की तिने कात्री ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. वर सल्ला फुकट – “पंधरवड्यातून एकदाच धुवा. जास्त धुतलं की जास्त तेल सुटतं.”

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आठवड्यातून दोनदा तरी धुवा. टाळू स्वच्छ हवी.

कशाने, ते नाही सांगितले. घाईत होते.

७ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्या धुणारी बाई आहे, तिला सगळे बाटलीताई म्हणतात. केस गुडघ्यापर्यंत. तिचे मत – रोज, नुसत्या पाण्याने. आणि चिकटपणा जायला आधी खाण्याचा सोडा.

मेहुण्याचा मेसेज – ‘केस महिनाभर धुऊच नका. आपोआप साफ होतात. वाचलंय मी.’

सासूबाईंना सगळ्यांची मते वाचून दाखवली. दोनदा, पंधरवड्याने, रोज, कधीच नाही.

“डोकं माझं,” त्या म्हणाल्या, “मतं सगळ्यांची.”

८ फेब्रुवारी, रविवार

सोडा.

बाथरूममध्ये स्टूल ठेवले. सासूबाई खांद्यावर टॉवेल घेऊन बसल्या, डोळे मिटून. मी मागे उभा, हातात मग. जावयाने सासूचे केस धुतल्याचे मी कुठे ऐकले नाही. कुठून सुरुवात करायची? मी म्हणालो, “आई, सुरू करू?” त्या म्हणाल्या, “न्हाव्याने विचारलं होतं का तुम्हाला कधी?”

मला टक्कल आहे. न्हाव्याशी संबंध सुटून जमाना झाला. पण म्हणायचे ते कळले.

सोडा पाण्यात कालवून चोळला, धुतला. केस वाळल्यावर गवतासारखे झाले. चिकटपणा गेला तो गेला, त्याच्याबरोबर केसही जातील की काय असे वाटले.

“घाबरत घाबरत चोळता तुम्ही,” त्या म्हणाल्या. “ती खसाखसा चोळायची.”

मी सोड्याचा डबा जागेवर ठेवला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

टाळू लाल. सोड्याने उलटेच झाले. सासूबाई आता सुई लपवतही नाहीत.

डॉक्टर म्हणाले, “सोडा? डोक्याला? भांडं आहे का ते?” मलम दिले.

मेहुण्याला मी सांगितले नाही. सासूबाईंनीही नाही. तो फोनवर असताना त्या डावा हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या, खाजवू नये म्हणून.

त्या का लपवतात? मी लपवतो ते मला माहीत आहे. त्यांचे कळत नाही. मुलाकडे जायचे नसेल, की जायचे असून माझ्या तोंडावर सांगवत नसेल? विचारायला हवे. कसे विचारतात?

१५ फेब्रुवारी, रविवार

अंडे. बाटलीताईचीच कल्पना. ऐकायलाच नको होते, पण बुडत्याला काडीचा आधार.

दोन अंडी फेटली, केसांना लावली, थोडा वेळ ठेवली. इथपर्यंत सगळे व्यवस्थित. मग मी पाणी घातले. थंडी आहे म्हणून चांगले कडकडीत घेतले होते, सासूबाईंना सोसेल इतपतच विसण घालून. पहिला मग ओतला आणि हाताला काहीतरी वेगळे लागले. मऊ. गुठळ्या.

अंडे शिजले होते. डोक्यावर.

अजून एक मग ओतला. आणखी शिजले.

“काय झालं?” सासूबाईंनी डोळे मिटूनच विचारले.

“काही नाही.”

त्यांनी कानामागून एक तुकडा काढला, डोळे उघडून पाहिला. मग शांतपणे म्हणाल्या, “मीठ-मिरपूड आणता का?”

दुपारभर खिडकीशी बसून फणीने अंडे वेचले. मी मागे खुर्चीवर, त्या पुढे. मध्येच त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटले रडतात. पुढे वाकून पाहिले तर हसत होत्या. मलाही आवरेना. समोरच्या इमारतीतल्या बाई गॅलरीतून बघत होत्या. ऑक्टोबरपासून या खिडकीतून त्यांना आमचे हसणे काही दिसले नव्हते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात अंड्याचा वास येतो असे वाटत राहिले. माझ्याच हाताला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कोरफड. फेस नाही, स्वच्छता नाही, नुसती चिकचिक. लिंबू – लाल टाळूला झोंबले. तांदळाचे पाणी – सासूबाई म्हणाल्या, “डोकं आहे, खळ घातलेलं कापड नाही.”

डॉक्टर, पार्लर, बाटलीताई, मेहुणा – कुणाचेही ऐकले तरी वाळल्यावर फणीला तेच पांढरट मेण.

मेहुणा शनिवारी, अठ्ठावीसला येतो आहे. तारीख कळवली. ‘आईची बॅग मोठी की लहान, बघून ठेवा.’

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मला कुणी मूर्ख म्हटले तर मी पावती फाडून देईन.

सकाळी चहा. सासूबाईंनी कपात डोकावून म्हटले, “चहात खडू पडलाय.”

पाहिले. किटलीच्या तळाचा पांढरा पापुद्रा सुटून कपात आला होता. मी नेहमीच्या सवयीने सांगायला लागलो, “तो पाण्यातलाच असतो, आई. आपल्या इमारतीचं पाणी बोअरचं, जड. उकळलं की क्षार खाली बसतात आणि वरचं पाणी हलकं –”

आणि थांबलो.

हिचे ते मोठे पातेले. कायम आतून पांढरे. नोव्हेंबरात मी ते व्हिनेगर घालून घासून घासून आरशासारखे केले आणि वरच्या फळीवर ठेवून दिले. हिने काय म्हणून ठेवले होते असे भांडे, असे मनात म्हणतच.

“आई, मोठं पातेलं संध्याकाळी गॅसवर असायचं, आठवतं?”

“हो. तुमच्या अंघोळीचं.”

“मी शॉवर घेतो.”

“मग पाय शेकायला असेल. तुमचे पाय दुखतात ना?”

“माझे पाय दुखत नाहीत.”

“ती म्हणायची दुखतात.”

मला वाटायचे पातेले सासूबाईंच्या शेकायच्या पिशवीसाठी. त्यांना वाटायचे माझ्या पायांसाठी. ही केस धुवायच्या आदल्या संध्याकाळी पाणी उकळायची, रात्रभर निवळायला ठेवायची, तळ न ढवळता वरचे पाणी काढून घ्यायची. दोघांच्या नाकासमोर. फणीला येणारे मेण ते नळाच्या पाण्यातले क्षार केसांच्या तेलाला धरल्याचे. मी गावभरचे पाणी तपासतो, आणि घरच्या नळाखाली बाटली धरावी असे कधी मनातही आले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

“सांगितलं का नाही तिने?” मी म्हणालो.

“विचारलं का आपण?” सासूबाई म्हणाल्या.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दोन बाटल्या घेऊन प्रयोगशाळेत गेलो. एक नळाचे पाणी, एक उकळून निवळलेले. काचेच्या नळीतून तपासणीचे द्रावण थेंब थेंब सोडायचे, लाल रंग निळा झाला की थांबायचे; जितके थेंब जास्त, तितके पाणी जड. नळाच्या पाण्याला थेंब सोडून सोडून हात अवघडला, रंग काही बदलेना. उकळलेल्याला अर्ध्याहूनही कमी लागले.

बाटलीताईने विचारले, “कुठली टाकी?”

“घरची,” मी म्हणालो.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी टाकली. कारण ‘घरगुती’ लिहिले. साहेबांनी काळजीने विचारले, सगळं ठीक ना? केस धुवायचे आहेत असे सांगण्याची हिंमत झाली नाही. माझ्या डोक्याकडे पाहून त्यांना वाटले असते की हा कामातून गेला.

कालचे उकळलेले पाणी वरवरचे घेतले, कोमट केले. सोडा नाही, अंडे नाही, काही नाही. बोटांच्या पेरांनी टाळू चोळत राहिलो, नखे न लावता. खसाखसा. पाणी, परत चोळणे, परत पाणी. शेवटच्या मगात चमचाभर व्हिनेगर, उरलेसुरले क्षार निघायला – पातेल्याचे निघाले होते तसे.

वाळल्यावर सासूबाईंनी फणी घातली. फणी वरून निघाली ती सरळ खाली. थांबलीच नाही. त्यांनी फणी उजेडात धरून पाहिली. स्वच्छ होती.

एवढेच म्हणाल्या, “हं. हे बरोबर.”

मग स्वतःहून बोलत राहिल्या. ही ठरलेल्या वाराला धुवायची नाही. येता-जाता मागून डोक्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, ‘उद्या धुऊ’ किंवा ‘राहू दे अजून.’ मीही ते शंभरदा पाहिले आहे. मला वाटायचे माया. मायाच होती, पण नमुनाही घेतला जात होता.

किती दिवसांनी धुवावे, याचे उत्तर एवढेच. हात लावून बघायचे.

२८ फेब्रुवारी, शनिवार

मेहुणा दुपारी आला. आल्या आल्या आईच्या डोक्यावर हात फिरवला, वास घेतला, बोटांत केस धरून पाहिले. पार्लरवालीपेक्षा बारकाईने.

“जमलं की, भाऊजी.”

मला वाटले सुटलो. पण जेवण झाल्यावर तो म्हणाला, “तरी मी म्हणतो, आई, चल. भाऊजी किती दिवस पातेली उकळणार? माझ्याकडे लिफ्ट आहे, घरात माणसं आहेत. इथे तू दिवसभर एकटी.”

चुकीचे काहीच बोलला नाही. तोच तर त्रास आहे. तो वाईट असता तर मला बोलता आले असते.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबल्या असाव्यात. मी टेबलावरचे ब्रेडचे कण गोळा केले.

मग त्यांनी मुलाला विचारले, “तुझ्याकडचं पाणी कसं आहे?”

“पाण्यासारखं आहे.”

“म्हणजे तुला माहीत नाही. गाडीत घरची बाटली असेल ना? ती यांच्याकडे दे. हे तपासतील. पाणी इथल्यापेक्षा बरं निघालं तर मी येते. वाईट निघालं तर नाही.”

मेहुणा म्हणाला, “आई, माणूस पाण्यावर ठरवतं का कुठे राहायचं?”

“गावं पाण्यावरच वसतात,” सासूबाई म्हणाल्या.

तो अर्धी बाटली टेबलावर ठेवून एकटाच परत गेला. बाटली आता माझ्या बॅगेत आहे. रविवार मध्ये आडवा.

२ मार्च, सोमवार

मेहुण्याच्या घरचे पाणी तपासले. दोनदा. मग बाटलीताईकडून एकदा.

चार थेंबांत निळे झाले. इतके चांगले पाणी आमच्या खात्याने कधी कुणाला दिलेले नाही. साबणाचा थेंब टाकून हलवले तर फेस बुचापर्यंत. बाटलीताई म्हणाली, “हे कुठलं? तिथे बदली मागा, साहेब.”

हा आकडा फक्त मला माहीत आहे. कागदावर मी आजपर्यंत खोटे लिहिलेले नाही. पण हा कागदावर लिहायचाच नाही, नुसता तोंडी सांगायचा आहे. ‘जड निघालं, आई.’ चार शब्दही लागत नाहीत.

घरी गेलो. सासूबाईंनी विचारले नाही. मी कपडे इस्त्री केले. टॉवेलसुद्धा.

३ मार्च, मंगळवार

सांगितले. चहा देताना.

“त्याचं पाणी चांगलं आहे. आपल्यापेक्षा खूपच. तिकडे उकळावंही लागणार नाही.”

“नक्की?”

“तीनदा बघितलं.”

त्यांनी चहा बशीत ओतला, परत कपात ओतला. “बरं,” म्हणाल्या.

मेहुण्याला फोन केला. तो शनिवारी येतो. फोन ठेवताना म्हणाला, “भाऊजी, दुसरा कुणी असता तर खोटं बोलला असता.” कौतुक होते. अंगाला लागले नाही.

५ मार्च, गुरुवार

बॅग मोठीच लागेल. लोकरच एवढी आहे.

६ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी दार उघडले. खिडकीशी कुणी बाई पाठमोरी बसली होती. पांढरे केस, कानाच्या वरपर्यंत कापलेले, मान उघडी. मला वाटले सासूबाईंना निरोप द्यायला कुणी आले आहे.

“आपण?” मी दारातूनच म्हणालो.

“आपण म्हणे! मी.”

सासूबाई.

मी चपला काढायच्या विसरलो. त्या म्हणाल्या, “पार्लरवालीकडे गेले होते. एकटी. जिना धरून धरून. तिने चारदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, मन बदलायच्या आत काप.”

“पण का?”

“मला वाटलं होतं त्याचं पाणी गटारासारखं निघेल. जुनी इमारत, गंजलेले पाईप. म्हणून तर बाटली दिली तुमच्याकडे. आणि तुम्ही आलात चांगलं पाणी घेऊन! जरा खोटं बोलता आलं नाही?”

“आकडा होता, आई.”

“आकडा म्हणे.” त्यांनी मानेवरून हात फिरवला. मान अजून सवयीची झालेली नाही, हात जिथे वेणी सुरू व्हायची तिथे थांबतो. “दर वेळी परीक्षेला बसल्यासारखे उभे राहता माझ्या मागे. एक केस तुटला तर नापास. मला बघवत नव्हतं. आता केसच नाहीत. आता पाणी कुठलंही असो, मगभर लागतं. आता जायचं तर पाण्यासाठी नाही, आणि राहायचं तर धुणाऱ्यासाठी नाही.”

“मग?”

“मग काय? मला इथे राहायचंय. तुम्हाला चालणार असेल तर. चालेल का ते एकदाही म्हणाला नाहीत तुम्ही. मीच काय दर वेळी अंदाज बांधायचा?”

मी पुष्कळ बोलायचे ठरवले. म्हणालो, “चालेल.”

“ऐकू आलं नाही.”

“चालेल, आई.”

“बसा मग. चपला काढा आधी.”

७ मार्च, शनिवार

मेहुणा आला. आईला पाहून दारातच उभा राहिला. मग माझ्याकडे वळला, “भाऊजी, हे तुम्ही केलंत?”

“त्यांनी?” सासूबाई म्हणाल्या, “त्यांच्याकडून अंडंसुद्धा धड शिजत नाही. म्हणजे शिजतं, पण भलत्या ठिकाणी.”

मग त्याला सगळी अंड्याची गोष्ट सांगितली. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आले. नंतर नुसतेच पाणी उरले. आईच्या उघड्या मानेवर हात ठेवून तो म्हणाला, “ताईसारखी दिसतेस गं मागून.”

बॅगेचे नाव निघाले नाही. दर महिन्याला येईन म्हणाला. जाताना मला जिन्यात थांबवले, काहीतरी बोलायला गेला, आणि नुसता खांदा दाबून उतरून गेला. आमच्याकडे सगळेच असे.

८ मार्च, रविवार

सासूबाई खाली पार्लरवालीकडे गप्पा मारायला गेल्या. मी बाथरूम धुतले. पाणी तुंबत होते म्हणून मोरीची जाळी काढली आणि आत वाकडी तार घातली. लांब पांढऱ्या केसांचा पुंजका आला. अजून ओढला. मागोमाग तांबूस केस यायला लागले.

ऑगस्टात हिने हौसेने केस रंगवले होते. घरात तांबूस दुसऱ्या कुणाचे नाहीत.

स्टुलावर बसलो. पांढरे एकीकडे, तांबूस एकीकडे करायला गेलो. होईनात. फार गुंतले होते.

तसेच एकत्र धुतले. नुसत्या पाण्याने.